मागीलदारी बोलावणं नाही

भिवंडीजवळच्या वळ गावात, गोडाऊनमधल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, बोटाला सुक्या बोंबलाची चटणी लागलेली असतानाच हरेशला ते वाक्य दिसलं. हा ब्लॉग फक्त निमंत्रित वाचकांसाठी खुला आहे, आणि तुम्हाला निमंत्रण आलेलं दिसत नाही. स्क्रीनवर ते इंग्रजीत होतं, पण हरेशने मनातल्या मनात मराठीत वाचलं, आणि तिथेच घात झाला. इंग्रजीत ती नुसती सूचना होती, मराठीत सरळ अपमान होता. हरेशच्या गावात बोलावणं म्हणजे काय चीज आहे ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे कळेल. हळदीचं बोलावणं दारात येऊन द्यायचं, घरातल्या मोठ्याचं नाव घेऊन द्यायचं. त्याच्या आईला, धोंडूबाईला, एका चुलत जावेने एकदा फोनवरून बोलावलं, तर म्हातारीने त्या घरचं पाणी सोडलं ते आजतागायत. बोलावणं नाही म्हणजे तू आमच्यातला नाहीस. हरेशने बोट चाटलं, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. भूक कुठे गेली कुणास ठाऊक.

तसं पाहिलं तर तो मोठ्या खुशीत तिथे गेला होता. ‘रीमाची चूल’ हा त्याच्या बायकोचा ब्लॉग. पदार्थ तिचे, लिहिणं तिचं, बाकी सगळी मशागत ह्याची. रोज दुपारी तो मोजणीचं पान उघडून बसायचा. आज किती वाचक आले, कुठल्या गावाहून आले, काय शब्द शोधत आले, सगळं तिथे दिसे. बहुतेक मंडळी गूगलवरून यायची, मिनिटभर थांबून मसाल्याचं प्रमाण बघायची आणि चालती व्हायची. त्या दिवशी वाचक कुठून आले त्या रकान्यात एक नवाच पत्ता होता, रोमन अक्षरांत लिहिलेला: मागीलदार. ह्या पत्त्यावरून चूल वाचायला येणारे थोडेच होते, पण रोज यायचे, भर दुपारी यायचे आणि पुष्कळ वेळ रेंगाळायचे. कुणीतरी आपल्या ब्लॉगवर आपला दुवा दिलाय म्हटल्यावर त्याला आनंदच झाला. ह्या धंद्यात एका पाहुण्याने दुसरा पाहुणा आणावा तसं असतं. बाहेरून जितके दुवे तितकी गूगलच्या दरबारी पत. म्हणून त्याने टिचकी मारली, तर दार बंद. आणि दारावरचं नाव असं, की ते पुण्याच्या बाईने दिलेलं नसणार, नागपूरच्या तर नाहीच नाही. मागीलदार म्हणजे घराची मागची बाजू. तिथे बायका मासळी साफ करतात, भांडी घासतात, आणि पुढच्या ओटीवर जे बोलता येत नाही ते बोलतात. वळच्या घरात बापई माणूस तिकडे जायचा झाला तर आधी खाकरायचा. लहानपणी हरेश एकदा न खाकरता गेला होता, आणि पाच-सहा बायका एकदम गप्प झाल्या होत्या. तसली शांतता त्याने नंतर कधी ऐकली नाही. त्या पत्त्यासमोर बसल्यावर त्याला तीच शांतता पुन्हा कानाशी आल्यासारखी वाटली.

रीमा, तो मनाशी म्हणाला. दुसरं कोण असणार? हा शब्द तिच्या तोंडी रोज असतो. भिवंडीत, टेमघरला, त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला कसलं आलंय मागीलदार, पण मोरीमागची चिंचोळी जागा, जिथे आई जवळा वाळत घालते, तिलाही ती मागीलदारच म्हणते.

आता ही मशागत काय असते तेही सांगायला हवं. रीमा लिहायची ते लांबलचक. तिला निवटीचं कालवण सांगायचं असलं तर ती कशेळीच्या खाडीपासून सुरुवात करणार. भरती ओसरली की तिचे बाबा चिखलात उतरत, कोपरापर्यंत हात घालून बिळातून निवटी मासे काढत, घरी आले की ओट्यापाशी दोन्ही हात पुढे करून मुकाट उभे राहत, आणि ही तांब्याने पाणी घालायची, मनगटावरचा सुकलेला चिखल जाता जात नसे. हे सगळं झाल्यावर मग कुठे हळद-मीठ. हरेश वाचायचा आणि त्याचा जीव कासावीस व्हायचा. अगं, लोक निवटीसाठी आलेत, तुझ्या बाबांच्या मनगटासाठी नाही. तो इंग्रजी साइटींवरून शिकला होता: लोक जे शब्द टाइप करतात तेच शीर्षकात हवेत, पहिल्या दोन ओळींत पुन्हा तेच हवेत, फोटोलासुद्धा त्यांचंच नाव हवं, आणि वाचकाची नजर धावते तेव्हा तिला ठेच लागेल असं मध्ये काही नको. तो खाडी कापायचा, बाबा कापायचा, तांब्या कापायचा. ‘निवटीचं कालवण, अस्सल आगरी पद्धत’ असं शीर्षक ठोकायचा, आणि खरोखर वाचक यायचे हो, दुबईहून यायचे! पहिल्यापहिल्याने रीमा रुसायची. चार-चार दिवस काही लिहायची नाही. एकदा तर ताट त्याच्यापुढे आदळून म्हणाली होती, माझं नाव तरी काढून टाका मग. आणि आता? आता गेले कित्येक महिने ती नुसती म्हणते, कापा की. हसून म्हणते. हरेशला वाटलं होतं, शहाणी झाली. आता ते हसणं त्याने आठवून पाहिलं, एकदा नाही, पन्नासदा, आणि दर वेळी ते त्याला अधिकाधिक वाईट दिसू लागलं.

कारण हरेशजवळ झाकायला काहीतरी होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. लग्नाला दोन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा दोघं ठाण्याला डॉक्टरांकडे गेली होती. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी हरेशला एकट्याला आत बोलावून शांतपणे सांगितलं, तुमच्या मिसेसमध्ये काही नाही, तुमच्यात आहे. उपाय करून बघू, पण आशा फार नको. परतताना रिक्षा कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकली. इंजिनांची घरघर, खाडीचा खारट कुजका वास, आणि हरेशने बाहेर बघत तिला सांगितलं.  ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, घरी मी सांगते, माझ्यात आहे म्हणून. तो नको म्हणाला नाही. त्या क्षणाला त्याला एवढं हलकं वाटलं होतं, एवढं हलकं, की पुढे कितीतरी दिवस त्याला त्या हलकेपणाचीच शरम वाटत राहिली. मग तीही जिरली. आईने सुनेला बोल लावले, नवस बोलली, कुणाच्या ओटीभरणाला हिला पुढे होऊ दिलं नाही. आणि हरेश पेपर वाचत राहिला. गावात केसरीनाथचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. केसरीनाथची अशीच गोष्ट कुणीतरी फोडली. त्यानंतर तो मांडवात आला की ग्लास हातात घेतलेली माणसं एकमेकांना कोपर मारायची, आणि बेंजोवाल्याला मुद्दाम कसली कसली गाणी लावायला सांगायची. शेवटी तो भिवंडीच सोडून गेला. हरेशला अंधाराची नाही, विंचवाची नाही, त्या कोपर मारण्याची भीती होती. आणि आता एका बंद दारामागे, जिथे फक्त निमंत्रित बायका आहेत, रीमा रोज दुपारी काहीतरी बोलत होती. बाई बाईला दुसरं काय सांगणार?

त्या दिवसापासून हरेशने स्वस्थता म्हणून अनुभवली नाही. घरी येऊन त्याने कॉम्प्युटरवर कुठल्या कुठल्या साइटी उघडल्या त्याची यादी पाहिली, तर पाटी कोरी. तिने आपल्यापुरतं पुसलं असतं तर एक वेळ त्याला कळलंही नसतं; पण त्याने स्वतः सकाळी उघडलेल्या साइटीही गेल्या होत्या. घाईत झाडू मारताना माणूस दुसऱ्याचंही काहीबाही झाडून टाकतो. म्हणजे रोज पुसते. रोज पुसण्यासारखं रोज काहीतरी असतं. तो नाही नाही ते शब्द गूगलवर टाकून बघू लागला. लोकांच्या मनात काय येईल, ते कसे टाइप करतील, हे ओळखण्यातच त्याने दोन वर्षं घालवली होती; तीच विद्या आता स्वतःवर चालवायची वेळ आली. टेमघर हरेश मूल नाही. नवऱ्यात दोष भिवंडी. बायकोने सांगितलं नवऱ्याचं गुपित. दहा-दहा पानं तो खाली जायचा आणि काही सापडलं नाही की सुटकेऐवजी त्याचा संशय दुणावायचा, कारण बंद दारामागचं गूगललाही दिसत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग त्याला वाटायचं, की आपण टाइप केलेले हे शब्दच कुणाच्या तरी मोजणीच्या पानावर उमटले असतील, भिवंडी ह्या नावासकट. कुणीतरी जेवता जेवता ते वाचून विचारात पडलं असेल, कोण हा बिचारा.

वरच्या मजल्यावरची तुळजा दुपारची रीमाकडे येऊन बसायची. पूर्वी तो तिच्याकडे बघतही नसे. आता जिन्यापाशी गाठ पडली की ती बाजूला होऊन हसायची आणि हरेश ते हसणं घरी नेऊन उलटंपालटं करून बघायचा. कीव होती का त्यात? एकदा ती म्हणाली, तुमची रीमा काय सुरेख लिहिते हो. कुठं वाचलंस, त्याने इतक्या झटकन विचारलं की ती दचकली. चूल की, म्हणाली, आणि पिशवी सावरत वर गेली. पण चुलीवर सुरेख लिहिलेलं काही उरलेलंच नव्हतं! ते त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. तिथे होतं ते साहित्य, कृती आणि टीप. तुळजा खोटं बोलली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे खरं बोलली होती.

रीमाला सरळ विचारावं असं त्याच्या मनात येई. ताटावर बसल्यावर शब्द ओठापर्यंत येत. पण विचारायचं तर काय विचारायचं? तू काय लिहितेस, असं विचारलं की तिने विचारावं, तुम्हाला कशाची भीती वाटते? आणि त्या प्रश्नाला आई बसलेल्या घरात काय उत्तर द्यायचं? मग त्याने आडून आडून सुरू केलं. हल्ली बंद ब्लॉगांची फॅशन निघालीय, तो भाकरी मोडत म्हणाला, ओळखीपाळखीच्यांनाच आत घेतात, मला कळत नाही, वाचकच नको तर लिहायचं कशाला. रीमाने कालवण वाढलं. तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. असतील कुणाला मोजकेच वाचक हवे, ती म्हणाली. त्यावर आई मध्येच म्हणाली की मोजकं कसलं, ज्या घरात तिसरी पिढी न्हाय त्या घरचं वाचनार कोन. रीमा उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली. आणि हरेशला, खरं सांगायचं तर, आईचा राग आला नाही. त्याचं सगळं लक्ष रीमाच्या पाठीकडे होतं. आज दुपारी ही हे वाक्य तिकडे लिहिणार, आणि त्याच्याखाली खरं काय ते लिहिणार, एवढंच त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात वाहतूकदारांचा बंद झाला. वळच्या रस्त्यावर ट्रक नाही, गोडाऊनची शटरं खाली, साहेबांनी दुपारीच सगळ्यांना घरी जायला सांगितलं. हरेश टेमघरच्या गल्लीत शिरला तर कोपऱ्यावर टँकर उभा, आणि अख्खी गल्ली हंडे-कळश्या घेऊन त्याच्याभोवती. टँकर आला की भिवंडीतली बाई हातातलं जे असेल ते टाकून पळते, मग चुलीवरचं दूध का असेना. गर्दीत त्याला आईचं हिरवं लुगडं दिसलं, रीमाची वेणी दिसली. त्या दोघींना तो दिसला नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉम्प्युटर सुरू होता, खुर्ची मागे सरकलेली, आणि स्क्रीनवर वर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, मागीलदार.

तो खुर्चीवर बसला. गादी अजून ऊन होती. आत जाताना खाकरावं असं काहीतरी त्याच्या घशात आलं, पण ते त्याने गिळलं. वरच्या कोपऱ्यात वाचकांची नावं होती, तुळजा, चंद्रा, पुतळाबाई, आणखी काही, जेमतेम हळदी-कुंकवाला जमतील एवढ्या बायका. आणि खाली त्याने कापलेलं सगळं होतं. खाडी होती, बाबा होते, तांब्या होता. निवटीच्या लेखाला तिने नाव दिलं होतं, ‘बाबांचे हात’. हरेश भराभरा खाली जाऊ लागला. वाचायला त्याला सवड नव्हती, त्याला सापडायला हवं होतं. त्याने शोधायची चौकट उघडून आपलं नाव टाकलं. नाही. नवरा, टाकलं. एके ठिकाणी तुळजाचा नवरा निघाला, त्याला कारली आवडत नाहीत म्हणून. दोष, डॉक्टर, ठाणे, पूल. एकेका लेखात शिरून तो तेच तेच शब्द टाकत गेला, लोक कसे कसे लिहितील ते सगळे प्रकार टाकत गेला, बाहेर टँकरवर बायकांचा गलका चालला होता. शेवटी वालाच्या बिरड्याच्या लेखाखाली, बायकांच्या गप्पांमध्ये, तो शब्द लागला.

चंद्रा नावाच्या बाईने विचारलं होतं, रीमा, रागावू नकोस, पण इथे आपणच आहोत म्हणून विचारते. तुमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या का? माझ्या बहिणीचं असंच होतं, सात वर्षं तिने ऐकून घेतलं आणि शेवटी दोष पुरुषात निघाला.  खाली रीमाचं उत्तर होतं. ते तो आधी घाईत वाचून गेला, मग थांबला, मग एकेक शब्दावर बोट ठेवावं तसं वाचलं. ‘नाही गं चंद्रा, ह्यांच्यात काही नाही. डॉक्टरांनी नीट बघितलं. दोष माझ्यातच आहे. ह्यांना फार लागतं ते, म्हणून मी घरात विषय काढत नाही. इथेही नको काढूया.’

 त्याला वाटलं होतं तसं काहीच झालं नव्हतं, आणि तरी खरं काय ते लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडून निघता निघता राहिलं. जिथे आईचे कान नाहीत, गावाचे कान नाहीत, जिथे गूगलसुद्धा पोचत नाही, तिथेही तिने ते आपल्याच अंगावर घेतलं होतं. एवढं आडोशाचं ठिकाण तिने स्वतःसाठी बांधलं, आणि तिथेही त्याला सांभाळत बसली. उत्तराखाली आणखी लिहायला रिकामी चौकट होती. हरेशने त्या चौकटीत लिहिलं, हे खोटं आहे, दोष हरेशमध्ये. मग त्याच्या लक्षात आलं की चौकटीच्या वर नाव रीमाचं आहे. इथे तो जे लिहील ते तिने लिहिलं असंच दिसेल. दोन वर्षं तो तेच करत आला होता, तिच्या नावावर आपले शब्द. त्याने एकेक अक्षर पुसलं. दोष, हा शब्द पुसायला सगळ्यात वेळ लागला, निदान त्याला तसं वाटलं.

हंडे ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. धोंडूबाई आत येता येता धापा टाकत बोलतच होती. टँकरवर जानकीबाईने म्हणे तिसऱ्या नातवाचे पेढे वाटले, आणि आमच्या नशिबी पानी भरनं. रीमा मागून कळशी कमरेवर घेऊन आली. आतल्या खोलीच्या दारात हरेशला बघून तिने विचारलं, एवढ्या लवकर? बंद होता, तो म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर त्याने ते कधीच म्हटलं नसतं.

“आई,” तो म्हणाला, “रीमात काय न्हाय. दोष माझ्यात हाय. डॉक्टरनं मला तेव्हाच सांगितलेलं. ती खोटं बोलली, माझ्यासाठी.”

धोंडूबाई पदराच्या टोकाने मान पुसत होती, ती तशीच राहिली. आधी तिने मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग परत मुलाकडे, आणि खाली बसली.  हरेश आता रीमाच्या तोंडाकडे आशेने बघत होता. काहीही म्हण. रड. एवढी वर्षं का लावली म्हणून विचार.

रीमाने कळशी खाली ठेवली. तिची नजर त्याच्यावर फार वेळ नव्हती. त्याच्या खांद्यावरून ती आत, चालू स्क्रीनवरच्या मागीलदाराकडे बघत होती.

“तुम्ही वाचलंत,” ती म्हणाली.

तो हो म्हणाला.

ती त्याच्या बाजूने आत गेली, आणि खोलीचं दार तिने लावून घेतलं. जोरात नाही, नेहमी लावतात तसंच. आईने बसल्या जागेवरूनच विचारलं, काय वाचलं रे, काय म्हनते ती?  हरेश हंडे उचलून मोरीत नेऊन ठेवू लागला. पाणी डचमळून त्याच्या पँटवर सांडत होतं. बंद दाराआड कीबोर्डचा आवाज सुरू झाला, आधी तुटक, मग सलग. ती बराच वेळ लिहीत होती. हरेशने दाराला कान लावला नाही. शेवटचा हंडा ठेवून तो आईजवळ जमिनीवर येऊन बसला, आणि दार उघडायची वाट बघू लागला.